गिनीपिगच्या दाढा आणि आबांचं ताट

आमच्या घराण्यात जनावर सांभाळण्यात माझ्याआधी कुणी नापास झालेलं नाही. आजोबांनी मेंढरं राखली, आबांनी राखली, चुलत्यांची मेंढरं अजून अजिंठ्याकडच्या डोंगरात चरतात. मी तेवढा शिकलो, सरकारी कचेरीत चिकटलो, पुंडलिकनगरात दोन खोल्या आणि एक गॅलरी केली. आणि एवढ्या मोठ्या परंपरेतून माझ्या वाट्याला काय आलं, तर एक गिनीपिग.

तेही माझं नव्हे. लेकीनं हट्ट करून आणलेलं. मग ती पुण्याला होस्टेलला गेली आणि जाताना म्हणाली, तिथं माणसांनाच नीट ठेवत नाहीत, याला कुठं ठेवू? पिंजरा गॅलरीत राहिला. आतला ऐवज म्हणजे बिनशेपटीचं, पांढरं-तपकिरी, उशीतून सांडलेल्या कापसाला डोळे फुटावेत तसं काहीतरी. त्याला एकच कला येत होती. कोथिंबिरीची पिशवी वाजली की ते जोरात शिट्टी मारायचं. आमच्याकडे कुकरच्या शिट्ट्या मोजताना बायकोची गल्लत व्हायची आणि आठवड्यातून एकदा तरी डाळ कच्ची राहायची. त्याचा दोष अर्थातच मला मिळायचा.

मी त्याचे लाड फार केले, हे कबूल. कोथिंबिरीची कोवळी पानं खुडून त्याला आणि देठ चटणीला, असा आमच्या घरचा रिवाज पडला होता. काकडी द्यायची तर साल काढून. पोळी दुधात कुस्करून. लेकीला फोनवर सांगायचो, तू नसताना अंगानं भरलंय बघ.

अशात आबा आले. त्यांच्या एका डोळ्याच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं, दुसऱ्या डोळ्यातही पडदा होताच. डॉक्टरांनी काळा चष्मा दिला होता आणि बजावलं होतं की खाली वाकायचं नाही, वजन उचलायचं नाही. डोक्याला पटका, खांद्यावर घोंगडी आणि डोळ्यांवर तो काळा चष्मा; आबा खुर्चीत बसले की एखादे निवृत्त डाकू आमच्याकडे मुक्कामाला आल्यासारखं वाटायचं.

पहिल्याच दिवशी त्यांनी ते जनावर मांडीवर मागून घेतलं आणि हातानं चाचपलं.

"शेपूट कुठाय?"

"नसते याला."

"दूध?"

"नाही."

"लोकर तरी?"

"नाही, आबा."

"मग करतं काय?"

"शिट्टी वाजवतं. खातं आणि झोपतं."

आबांनी जरा विचार केला. म्हणाले, "म्हंजी तुह्यावानी सरकारी नोकरीत हाये."

तरीही त्या दिवसापासून दोन्ही वेळा जेवायला बसताना ते विचारायचे, "जनावर जेवलं का?" हा प्रश्न मी लहानपणापासून ऐकत आलोय. घरचं जनावर उपाशी असताना धन्यानं घास घ्यायचा नाही, हा आमच्याकडचा नेम. एखादी मेंढी चाऱ्याला तोंड लावेना की आबा जेवत नसत. आबा जेवत नाहीत म्हणून आई जेवत नसे. आणि आम्ही भावंडं भाकरीच्या टोपल्याकडं बघत त्या मेंढीला मनातल्या मनात हात जोडायचो. शहरात आल्यावर हा नेम मी विसरलो होतो. माझ्या दारात जनावर म्हणजे स्कूटर, आणि ती पेट्रोलवर उपाशी असली तरी मी पोटभर जेवायचो.

एके दिवशी दुपारी आबांनी नेमकं विचारलं नाही. मीच आपण होऊन पोळी मोडता मोडता बोलून गेलो, "आज त्यानं कोथिंबिरीला तोंडसुद्धा लावलं नाही. सकाळपासून कोपऱ्यात फुगून बसलंय."

आबांचा हात ताटातच थांबला. उचललेला घास त्यांनी परत ठेवला, ताटाला नमस्कार केला आणि ताट पुढं सारलं.

बायकोनं माझ्याकडं पाहिलं. त्या नजरेवर पापड भाजता आला असता. कारण आबांना साखरेचा आजार, सकाळची गोळी पोटात गेलेली, आणि गोळीवर जेवण नाही म्हणजे घेरी येणार हे तिला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक होतं.

"आबा, तो उंदीर आहे हो," मी म्हणालो.

"मग इतके दिस उंदराला कोथमीर चारत व्हतास व्हय?"

"म्हणजे, उंदराच्या जातीतला."

"जात नको सांगू. दारात ठिवलाय ना? मग झालं. जनावर उपाशी अन् धनी ढेकर देतोय, हे आपल्यात नाय."

बायकोनं त्यांना समजावून पाहिलं, लेकीची शपथ घालून पाहिली. शेवटी नेमात चहा-दूध बसतं एवढी सूट तिनं मिळवली आणि चहाच्या नावाखाली पेलाभर दूध पाजलं. मग डॉक्टरांना फोन लावला. ते म्हणाले, जेवत नसतील तर गोळी देऊ नका, पण हे असं फार चालायचं नाही. काहीही करा, जेवायला लावा.

फोन ठेवून ती मला म्हणाली, "ऐकलंत ना? जेवायला लावा. आता दोघांतल्या कुणाला आधी लावताय, ते तुमचं तुम्ही बघा."

मी पुढाकार घेतला. सगळ्यात आधी, आपणही आबांबरोबर उपाशी राहणार असं गंभीर चेहऱ्यानं जाहीर केलं. मग गॅलरीत गेलो. पिंजऱ्यासमोर कोथिंबिरीची पिशवी वाजवली. शिट्टी नाही. पानं तोंडाजवळ नेली. त्यानं हुंगलं, जबडा जरा हलवला आणि तोंड फिरवलं. मग माझ्या सुपीक डोक्यात विचार आला की आबांना वाकता येत नाही, धड दिसत नाही. म्हणजे जनावर जेवलं की नाही हे त्यांना माझ्याच तोंडून कळणार. मी ती पानं स्वतः खाल्ली आणि आत येऊन सांगितलं, "खाल्लं, आबा. सगळं फस्त."

"सगळं?"

"काडी ठेवली नाही."

"बरं झालं. लेंड्या आण."

"काय?"

"खाल्लं तर टाकलं असंलच की. आण, बघू."

पिंजऱ्यात लेंडी नव्हती. पण आमची ही हुशार बायको पिंजऱ्यातला कचरा गुलाबाच्या कुंडीत खत म्हणून टाकते. मी कुंडीतून चांगल्या, सुबक अशा चार निवडल्या, फुंकर मारून माती उडवली आणि प्रसाद द्यावा तशा आबांच्या तळहातावर ठेवल्या. आबांनी एक चिमटीत धरून दाबली. तिचा भुगा झाला.

"ही गुदस्ताची हाये," ते म्हणाले. "अन् तुह्या तोंडाला कोथमिरीचा वास मारतोय."

आतल्या खोलीतून बायकोचं हसू ऐकू आलं. आबा मात्र हसले नाहीत.

मग आम्ही बापलेकांनी मिळून रोगाचं निदान केलं. आमच्या घराण्यात जनावर आजारी पडलं की पहिला सवाल एकच असतो. आबांनी तोच केला, "रवंथ करतंय का बघ." मी गॅलरीत पोटावर पालथा पडून पिंजऱ्याच्या जाळीला नाक लावलं आणि त्याच्या जबड्यावर बराच वेळ नजर ठेवली. जबडा गप्प. मी ओरडून सांगितलं, रवंथ बंद आहे. आबा म्हणाले, "तरीच. पोट धरलंय." मेंढराला अशा वेळी बांबूच्या नळीतून ओवा-हिंगाचं पाणी पाजतात. याला बांबू घुसवला असता तर ते बांबूतच मावलं असतं, म्हणून मी चमचा घेतला. पहिल्याच थेंबाला ते असं शिंकलं की निम्मा ओवा माझ्या चष्म्यावर आणि उरलेला बनियनवर. संध्याकाळपर्यंत मी लग्नाच्या पंगतीतल्या मठ्ठ्यासारखा दरवळत होतो. त्याचं पोट होतं तसंच होतं.

"डॉक्टरकडं न्या," बायको म्हणाली. "दोघांनाही एकाच ठिकाणी दाखवता आलं तर बघा."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी स्कूटर काढली. आबा घरी थांबायला तयार नव्हते; जनावर आपल्या हातात राहील म्हणाले. मागच्या सीटवर पटका, काळा चष्मा आणि मांडीवर घोंगडीत झाकलेली टोपली. क्रांती चौकात सिग्नल लागला. शेजारच्या रिक्षावाल्यानं मान वाकडी करून विचारलं, "चाचा, अंदर क्या है?"

"मरीज हाये," आबा म्हणाले. रिक्षावाल्यानं रिक्षा जरा पलीकडं घेतली.

जनावरांच्या त्या दवाखान्यात माणसाएवढाले कुत्रे बसले होते. आमचा नंबर आला तेव्हा टेबलामागं लेकीपेक्षा थोडी मोठी अशी डॉक्टरीणबाई. मी घसा साफ केला. आपण अडाणी गिऱ्हाईक नाही, जनावरवाल्यांच्या घरातले आहोत, हे पहिल्या वाक्यात कळावं म्हणून म्हणालो, "डॉक्टर, कालपासून रवंथ पूर्ण बंद आहे."

त्या लिहीत होत्या. 'रवंथ' शब्दाला पेन थांबलं.

"कालच्या आधी करत होतं?"

"म्हणजे, करतच असणार."

"काका, तुम्ही यानं रवंथ केलेलं कधी पाहिलंय?"

मी आबांकडं पाहिलं. आबांचा चष्मा माझ्याकडं वळला.

"गिनीपिग रवंथ करत नाही," त्या म्हणाल्या.

"अजिबात नाय?" आबा.

"अजिबात नाही, आजोबा."

"मग दिसभर बसून करतं काय?" आबांनी मनापासून विचारलं. सगळी हयात मेंढरांत गेलेला माणूस. चारा खाणारं जनावर रवंथ करत नाही, हे त्यांना एखादा माणूस श्वास घेत नाही असं सांगितल्यासारखं वाटलं असणार.

डॉक्टरीणबाईंनी दिव्याची बारीक नळी घालून त्याचं तोंड तपासलं. समोरचे दात ठीक होते. मागच्या दाढा मात्र वाढून आत वळल्या होत्या आणि जिभेवर कमान बांधावी तशा टेकल्या होत्या. भूक होती, पण चावताच येत नव्हतं. या जातीच्या दाढा जन्मभर वाढत राहतात, त्या म्हणाल्या, राठ गवत चावून चावूनच झिजतात. "तुम्ही खायला काय देता?"

या प्रश्नाची मी वाटच पाहत होतो. सालं काढलेली काकडी सांगितली, दुधात कुस्करलेली पोळी सांगितली, आणि सगळ्यात शेवटी, जरा अभिमानानं, खुडलेली कोवळी पानं सांगितली.

"आणि देठ?"

"देठ चटणीला जातात."

"मग चटणी खाणाऱ्यांच्या दाढा छान असतील," त्या म्हणाल्या.

दाढा घासायला भूल द्यावी लागणार होती. जीव लहान आहे, कालपासून उपाशी आहे, भूल सोसेलच असं नाही, हेही त्यांनी स्पष्ट सांगितलं. आबांनी रिकामी टोपली मांडीवर घेतली आणि बाकावर बसले. मी स्कूटर सावलीत लावून येतो म्हणालो. स्कूटर सावलीतच होती. पण चौकाकडच्या कोपऱ्यावर मिरचीची भजी तळत होते, आणि काल दुपारपासून माझ्या पोटात कोथिंबिरीच्या पानांशिवाय काही गेलं नव्हतं. उभ्या उभ्या एक प्लेट खाल्ली. आबांसाठी जीव तुटत होता म्हणून दुसरी घेतली नाही.

परत आलो तोवर जनावर टॉवेलात गुंडाळून आबांच्या मांडीवर आलं होतं. डोळे अर्धे मिटलेले, पण श्वास चालू. बाईंनी खाद्याच्या गोळ्या, एक बिनसुईची सिरिंज आणि भलीमोठी ताकीद दिली. गोळ्या पाण्यात भिजवून पातळ करायच्या, तोंडाच्या कडेनं थोडं थोडं भरवायचं, घाई केली तर ठसका लागेल. आणि आपणहून गवत खायला लागलं की मगच निर्धास्त व्हायचं.

घरी बायकोनं माझ्या खिशावरच्या तेलकट डागावर बोट ठेवलं. "हे काय?"

"पेट्रोल सांडलं."

"बेसनाचं?"

भरवण्याचा कार्यक्रम आबांच्या मांडीवर झाला. मी धरलं की ते साबणासारखं निसटायचं; आबांनी घोंगडीत घेऊन गळ्याखाली एक बोट लावलं की स्वस्थ बसायचं. तेव्हा धरायचं आबांनी आणि भरवायचं मी, असं ठरलं. मी सिरिंज रोखली, नेम धरला आणि दांडा दाबला. हिरवं कालवण सरळ आबांच्या काळ्या चष्म्यावर.

"मला नाय, त्याला," आबा शांतपणे म्हणाले.

तिसऱ्या-चौथ्या खेपेला जमलं. ते चटाचटा गिळायला लागलं. मी आनंदानं बायकोला हाक मारली, ताट घे, आबांचं ताट घे. आबांनी मान हलवली.

"हे खानं नव्हं, औषध हाये. त्यानं आपल्या मनानं घास घेतला पायजे."

"आबा, असा नेम कुठं आहे?"

"तू कुठं पाळलायस तवा तुला ठावं असंल?"

बायकोनं काढलेलं ताट परत फळीवर ठेवलं. तिनं केलेल्या भाकरी आदल्या दिवशी गल्लीतल्या गायीला गेल्या होत्या, त्या दिवशीच्याही गेल्या. पुंडलिकनगरात ती एकटी गाय मजेत होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी आबांनी चहाचा कप उचलला आणि त्यांचा हात थरथरला. निम्मा चहा बशीत आला. त्यांनी कप खाली ठेवला आणि काही झालंच नाही अशा थाटात पटका सारखा केला. बायकोनं माझ्याकडं पाहिलं. या वेळी त्या नजरेत राग नव्हता. त्यांना उचलून दवाखान्यात नेलं असतं तरी तोंड कुणी उघडवलं असतं?

मी तसाच उठलो आणि गवत शोधायला निघालो. आमच्या भागात चारही बाजूंनी सिमेंट. गवत उगवायची परवानगी फक्त गणपतीला वाहायच्या दूर्वांना आहे. फुलवाल्याकडं जाऊन म्हणालो, सगळ्या जुड्या दे. तो म्हणाला, "साब, आज तो चतुर्थी नहीं है." मी म्हणालो, आमच्याकडे आहे. त्यानं कपाळाला हात लावून मला नमस्कार केला.

दूर्वा पिंजऱ्यात टाकल्या आणि दाढी करायला लागलो. आरसा गॅलरीच्या दाराजवळच. एका गालाचा साबण निघाला होता तेवढ्यात मागून कुर्रर्र असा आवाज आला. वळून बघतो तर एक दूर्वा शिवणयंत्रात दोरा जावा तशी सरसर आत चालली होती. अख्खी गेली.

मी साबणानिशी धावलो. "आबा, खाल्लं! आपल्या मनानं खाल्लं!"

"बरं," आबा म्हणाले आणि जागचे हलले नाहीत.

"खरंच खाल्लं."

"परवाबी खरंच व्हतं."

मी शपथ घ्यायला खंडोबाचं नाव काढलं. आबा म्हणाले, "देवाला मधी घिऊ नको. त्याच्याबी हातावर गुदस्ताची लेंडी ठिवशील." साक्षीला बायकोला हाक मारली. ती गच्चीवरून कपडे वाळत घालून खाली आली, पण तोवर गिनीपिगनं आमच्याकडं पाठ केली होती आणि ते वरवंट्यासारखं बसलं होतं. बायको म्हणाली, मी काही पाहिलेलं नाही, आणि या घरात खोटं बोलायचं खातं तुमच्याकडे आहे. जन्मात पहिल्यांदा माझ्याकडं खरी बातमी होती आणि ती घ्यायला घरात कुणी तयार नव्हतं.

शेवटी ते उचलून आबांच्या मांडीवर ठेवलं. आबांनी एक दूर्वा मुठीत धरली, टोक तेवढं बाहेर. बायको जमिनीवर बसली, मी साबण लावलेल्या गालानं दारात उभा. जनावरानं टोक हुंगलं. तेवढ्यात खाली पाण्याच्या टँकरनं हॉर्न वाजवला आणि ते घोंगडीत शिरलं. बायकोनं टँकरवाल्याचा उद्धार केला. पुन्हा वाट पाहणं. गालावरचा साबण वाळून चामडी ओढायला लागली. मी कुजबुजलो, "खा रे बाबा."

"चूप," आबा म्हणाले.

नाक बाहेर आलं. मग मिशा. मग आबांची मूठ जराशी हलली.

"वढतंय," आबा म्हणाले.

आम्ही श्वास धरून.

"वढतंय रं." मग एकदम त्यांचा आवाज कडक झाला. "तुहा हात कुठाय?"

मी दोन्ही हात वर केले. आबांना ते दिसायची सोय नव्हती.

"दोन्ही वर आहेत, आबा," बायको म्हणाली. "पोलिसानं धरल्यासारखे."

तरीही आबांनी खात्री म्हणून दुसरी दूर्वा घेतली आणि अगदी घट्ट धरली. तीही गेली. तिसरी गेली. कुर्रर्र आवाज आता मलाही दारातून ऐकू येत होता, आणि बायकोनं पदर डोळ्याला का लावला ते मी तिला नंतर विचारलं नाही.

"वाढ, सूनबाई," आबा म्हणाले.

ती उठली आणि तव्याचा आवाज झाला. ताजी, चटके देणारी ज्वारीची भाकरी ताटात पडली, वर पिठलं. आबांनी ताटाला नमस्कार केला आणि पहिला घास घेतला. हळू, चावून, डोळे मिटून. दुसरी भाकरीही संपली. तिसरी मोडताना त्यांनी चष्मा माझ्याकडं वळवला.

"तू जेवलास का?"

"नाही, आबा. सकाळपासून काहीच नाही."

आबांनी घास पिठल्यात फिरवला.

"खरं नसंल," ते बायकोला म्हणाले. "तरीबी वाढ त्याला."